पाणी दिसते तसे नसते

पाण्याचे प्रदूषण बहुतांशी डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यांना खुपते ते दरवेळी प्रदूषण असतेच असे नाही. पारा, आर्सेनिक, कीटकनाशकांचे अंश, पटकीचे जंतू यांपैकी काहीही पाण्यात घातक प्रमाणात असले तरी पाण्याचा रंग बदलेलच असे नाही. उलट गढूळ, हिरवट, वास मारणारी दलदल जिवंतपणाने भरलेली असू शकते. नदी, तळे, खाडी किंवा प्रवाळभित्ती यांची छायाचित्रे काढणाऱ्यापुढची मुख्य अडचण ही आहे. कॅमेऱ्याला फक्त प्रकाश कळतो, रसायन कळत नाही.

त्यातून पाणी हे प्रकाशाचे वाईट वाहक. हवेतून मैलभर जाणारे किरण पाण्यात काही मीटरांतच गाळले जातात, आणि तेही सगळे सारखे नाहीत. लाल रंग सर्वांत आधी जातो; स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटर खाली तो बराचसा नाहीसा झालेला असतो. त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरांवर पाणबुड्याच्या बोटाला कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते. म्हणून खालच्या जगाचे रंग दाखवायचे तर प्रकाश बरोबर न्यावा लागतो, आणि तो थेट कॅमेऱ्याच्या वर लावून चालत नाही. तसे केले तर पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजळतो आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. फ्लॅश दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर बसवतात ते यासाठी. सपाट काचेतून पाहिल्यास वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ भासते. हा दोष घालवण्यासाठी रुंद कोनाच्या भिंगापुढे घुमटाकार काच बसवली जाते. एवढे करूनही मुख्य नियम एकच राहतो: जवळ जा. छायाचित्रकार आणि विषय यांच्यात जितके कमी पाणी, तितके चित्र बरे.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन मात्र कॅमेऱ्याहून फार साधे आहे. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आणि जेझुइट पाद्री आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते नोंदले. तळ्यांसाठी आजही वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी ‘सेक्की तबकडी’ वापरतात. दोरी, तबकडी आणि दोन डोळे, एवढ्यावर दीडशे वर्षांच्या नोंदी उभ्या आहेत. त्यातून मिळतो तो आकडा पाणी किती नितळ आहे ते सांगतो; ते किती चांगले आहे हे सांगत नाही. हा फरक पुढे पुन्हा पुन्हा आड येतो.

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. विल्यम थॉम्पसन यांनी १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात पेटीबंद कॅमेरा दोरीने सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी तळाची पुसटशी प्रतिमा उमटली. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुतां यांनी १८९३ मध्ये बान्यूल्सच्या किनाऱ्यावर स्वतः पाण्यात उतरून चित्रे घेतली. डब्ल्यू. एच. लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे काढली, त्यासाठी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली, आणि ती पुढच्या वर्षी ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापून आली. या सगळ्यांचा हेतू नवल दाखवणे हा होता. समुद्र बिघडू शकतो ही कल्पना त्या चित्रांत कुठेही नाही.

ती कल्पना छायाचित्रात आली ती जपानमधील मिनामाता या गावातून, आणि तीही पाण्याखाली न उतरता.

क्यूशू बेटावरील मिनामाता हे मासेमारांचे गाव. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. त्यासाठी पाऱ्याचा उत्प्रेरक लागे, आणि प्रक्रियेत निर्माण होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरातून उपसागरात जाई. पाणी काळे पडले नाही, त्यावर फेस आला नाही. पाण्यातील पाऱ्याचे प्रमाण अल्प होते. पण प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तेथून माणसांत जाताना ते अनेक पटींनी वाढत गेले. आधी गावातील मांजरे गिरक्या घेत, आचके देत मरू लागली. मग मुलांची बोटे वाकडी झाली, बोलणे अडखळू लागले, नजर अरुंद झाली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य खात्याला मज्जासंस्थेच्या अज्ञात रोगाची खबर दिली. १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याची वाट बदलून ते मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवले. परिणाम एवढाच, की विष पुढे शिरानुई समुद्रात पसरले.

डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा सुरू केली. उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातील म्हणून सांगितलेले पाणी पेलाभर पिऊन दाखवले. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी त्या पेल्यात नव्हतेच, आणि सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती यंत्रणा बनवलेलीही नव्हती. कॅमेऱ्यासाठी याहून चांगला देखावा नसेल: स्वच्छ काच, स्वच्छ पाणी, निर्धास्त चेहरा. सांडपाणी प्रत्यक्षात थांबले १९६८ मध्ये, उत्पादनाची ती पद्धतच कालबाह्य झाल्यावर. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी.

अशा ठिकाणी छायाचित्रकाराने काय टिपायचे? कुवाबारा शिसेई १९६० च्या जुलैमध्ये मिनामाताला पोहोचले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पाणी सोडून माणसे टिपली: रुग्णालयातील खाटा, आखडलेले हात, जाळी ओढणारी कुटुंबे, विकले न जाणारे मासे. १९६२ मध्ये टोकियोत त्यांचे प्रदर्शन झाले, १९६५ मध्ये पुस्तक आले. बाहेरच्या जगाला मिनामाता अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांच्यामुळे कळले असे सर्रास लिहिले जाते. ते खरे असले तरी कुवाबारा यांच्यावर अन्याय करणारे आहे. स्मिथ तेथे पोहोचण्याच्या अकरा वर्षे आधी त्यांचे काम सुरू झालेले होते.

युजीन आणि आयलीन स्मिथ हे दाम्पत्य १९७१ मध्ये मिनामाताला आले आणि सुमारे तीन वर्षे राहिले. त्यांच्या चित्रमालिकेत सांडपाण्याचा नळ आहे, कोळी आहेत, न्यायालयाबाहेरची गर्दी आहे, कंपनीच्या दारातील निदर्शने आहेत. जानेवारी १९७२ मध्ये चिबा प्रांतातील गोई येथील कारखान्यात रुग्णांच्या शिष्टमंडळाबरोबर गेले असता युजीन यांना जबर मारहाण झाली आणि त्यांची दृष्टी अधू झाली. त्याच वर्षी २ जून रोजी ‘लाइफ’ साप्ताहिकात ही मालिका छापली गेली. त्यातील सर्वांत गाजलेले चित्र आईच्या हातांवर तरंगत अंघोळ करणाऱ्या मुलीचे. तिला हा रोग जन्मतः होता. आईच्या पोटातील वार बाळाला विषापासून वाचवते ही त्या काळातील वैद्यकीय समजूत मिनामाताने खोटी ठरवली, आणि त्या एका चित्रात ते सगळे आले. चित्रात पाणी आहे ते फक्त न्हाणीतले, आणि ते निर्मळ आहे.

मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले. उपसागराच्या तळाचा पारामिश्रित गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून भराव घातला गेला. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ पर्यंत होती. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला याच गावाचे नाव आहे. न्हाणीतल्या मुलीचे १९७७ मध्ये निधन झाले. तिचे चित्र पत्रकांवर, फलकांवर फिरत राहिले आणि आईवडिलांना ते सोसेना. १९९८ मध्ये आयलीन यांनी ते नव्याने छापायला देणे थांबवले. एवढे परिणामकारक चित्र मागे घेणे योग्य की अयोग्य यावर पुष्कळ वाद झाला. पण ज्यांच्या घरातले दुःख त्यात होते, त्यांच्या शब्दाला वजन मिळाले हे बरेच झाले.

निर्मळ पाण्याने केलेली फसगत मिनामातापुरती नाही. कोळसा आणि तेल जाळून निघालेल्या वायूंमुळे आम्लवर्षाव होऊन स्वीडन-नॉर्वेमधील हजारो तळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिघडली. त्यांतील मासे संपले, प्लवक घटले, आणि पाणी पूर्वीपेक्षा अधिक नितळ झाले. तळापर्यंत दिसणारे ते निळे तळे पर्यटनाच्या पोस्टरवर शोभले असते. उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवराची कथा वेगळ्या वाटेने तिथेच येते. जहाजांनी आणलेल्या पाण्यातून पूर्व युरोपातील शिंपले १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या सरोवरात शिरले. ते पाणी गाळून त्यातील प्लवक खातात. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या छायाचित्रांत त्या सरोवराच्या तळाशी बुडालेली जुनी जहाजे स्पष्ट दिसली, आणि ती चित्रे जगभर कौतुकाने पाहिली गेली. वसंतातील थंड पाणी हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण, माशांच्या अन्नसाखळीचा पायाच शिंपल्यांनी खाऊन टाकला होता.

रंगाचेही असेच. एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ मध्ये कॅनडातील सडबरी येथे निकेलच्या खाणीतील टाकाऊ गाळाची छायाचित्रे काढली. काळ्या जमिनीतून लाव्हासारखा लालभडक ओहोळ वाहताना दिसतो. तो रंग ऑक्सिडीकरण झालेल्या लोहाचा. चित्र दालनात टांगण्याइतके देखणे आहे, आणि त्यावरचा आक्षेपही हाच, की पाहणारा आधी ‘वाहवा’ म्हणतो. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. कुरूप चित्रासमोर कोणी थांबत नाही हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात याचे उलटे उदाहरण लोणारला घडले. जून २०२० मध्ये उल्काघाताने बनलेल्या या खाऱ्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्यांनी ती चित्रे पाहिली. नासाने २५ मे आणि १० जून या तारखांच्या उपग्रह प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून बदल दाखवला. कोणी प्रदूषण म्हटले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा हा रंग खारटपणा मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे निघाले. पाणी आटून क्षार वाढल्याने त्यांची संख्या वाढली होती. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचे पाणी रंगहीन झाले. लोणारला सांडपाण्याचा त्रास खरोखरच आहे, त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिकाही चालली. पण त्या त्रासाचा रंग गुलाबी नाही.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर थंडीच्या सुमारास रात्री लाटा निळ्या चमकतात, त्यांची चित्रे दरवर्षी फिरतात. ही चमक बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची. अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याची हिरवी जात या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात अफाट वाढू लागली. हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस या गोव्याशी नाते असलेल्या संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये या वाढीचा संबंध समुद्रात पसरणाऱ्या कमी प्राणवायूच्या पट्ट्याशी जोडला, आणि २०२० मध्ये हिमालयातील वितळत्या बर्फाशी. किनाऱ्यालगत शहरांच्या मैलापाण्याचाही हात असू शकतो. एका देखण्या चित्रामागे इतकी कारणे उभी असतात, आणि त्यांपैकी कोणते खरे ते चित्र सांगू शकत नाही.

ठाणे खाडीतले रोहित पक्षी हे सर्वांत अवघड प्रकरण म्हणावे लागेल. १९९० च्या दशकापासून शिवडी ते ऐरोलीच्या चिखलपट्ट्यांवर ते हजारोंनी येऊ लागले. २०१५ मध्ये अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. मागे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि पुढे गुलाबी थवा, हे चित्र मुंबईची ओळख बनले आहे. ‘निसर्ग अजून टिकून आहे’ असा त्याचा अर्थ लावला जातो. अभ्यासकांच्या मते मात्र लहान रोहित जे शेवाळ गाळून खातात ते खाडीत एवढे माजण्यामागे महानगराच्या सांडपाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट आहेत. म्हणजे पक्ष्यांचा हा फोटो काही अंशी मैलापाण्याचाही फोटो आहे. सांडपाण्याचे प्रमाण थोडे बदलले, किंवा गाळात जड धातू साठत गेले, तर हाच थवा दुसरीकडे जाईल किंवा मरेल. चौकटीतल्या पंखांवरून त्याचा अंदाज येत नाही.

फेसाच्या बाबतीत चित्र आणि प्रदूषण बऱ्यापैकी जुळतात. दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर पावसाळ्यानंतर पांढऱ्या फेसाचे डोंगर येतात. शुद्ध न केलेल्या मैलापाण्यातले साबण आणि डिटर्जंट बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळले जातात. छठपूजेला त्या फेसात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. आळंदीत इंद्रायणीवर गेली काही वर्षे असाच फेस दिसतो आणि वारीच्या दिवसांत बातमी होतो. पिंपरी-चिंचवडचे नागरी आणि औद्योगिक सांडपाणी वरच्या अंगाला नदीत मिसळते. तरी इथेही सावधगिरी हवी. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर येणारा मळकट फेस पुष्कळदा प्लवकांच्या कुजण्याने होतो, आणि जंगलातल्या ओढ्यांवरही पालापाचोळ्यामुळे फेस धरतो.

छायाचित्र खोटे न बोलताही खोटे ठरते ते त्याच्याखालच्या ओळीमुळे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कायाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाला २२ जून १९६९ रोजी आग लागली. अर्ध्या तासात ती विझली. त्या आगीचे छायाचित्र कोणाकडेही नाही. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने नदीवर लेख छापला, सोबत ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचे चित्र दिले. ते १९५२ च्या, कितीतरी मोठ्या आगीचे होते. १९६९ ची आग म्हणून तेच लोकांच्या मनात बसले, आणि १९७२ च्या अमेरिकी स्वच्छ पाणी कायद्यामागच्या जनमताशी त्याचे नाव जोडले गेले. हेतू चांगला, परिणामही चांगला; पण नदी सतरा वर्षांत कशी बदलली, की बदललीच नाही, हा प्रश्न त्या चुकीच्या तारखेत बुडाला.

तारीख आणि ठिकाण पक्के असले की साधे चित्रही पुरावा बनते, आणि एकाच जागेची दोन चित्रे त्याहून अधिक. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कॅटलिन सीव्ह्यू सर्वेक्षणात चहूबाजूंचे दृश्य टिपणारा कॅमेरा पाण्याखालच्या छोट्या वाहनावर बसवून प्रवाळभित्तींच्या लांबच लांब पट्ट्या नोंदल्या गेल्या. त्यामागे असलेले रिचर्ड व्हीव्हर्स आधी जाहिरातक्षेत्रात होते. अमेरिकन समोआतील एकाच भित्तीची डिसेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ ची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत: पहिल्यात तपकिरी-पिवळे जिवंत प्रवाळ, दुसऱ्यात सगळे पांढरेशुभ्र. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतो आणि खालचा चुनखडी सांगाडा दिसू लागतो. मूळ कारण उष्णता. गाळ आणि सांडपाणी त्याला सावरू देत नाहीत. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे पाहिले. काही प्रवाळ मरण्यापूर्वी जांभळ्या, निळ्या, पोपटी रंगात चमकतात. न्यू कॅलेडोनियात २०१६ मध्ये टिपलेले हे दृश्य अनभिज्ञ प्रेक्षकाला बहराचे वाटेल.

छायाचित्रकार स्वतःही नुकसान करतो. पायातील पंख्याच्या एका फटकाऱ्याने वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारा प्रवाळ तुटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात, उथळ पाण्यात हौशी पर्यटकांना प्रवाळाला धरून फोटो काढू दिले जातात तेव्हा हेच घडते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहितांचा थवा उडताना टिपायचा म्हणून नाव त्यांच्या अंगावर नेली जाते. दरवेळी उडण्यात त्यांचा चरण्याचा वेळ आणि शक्ती जाते. त्या उजनीत भीमेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उतरते हे मात्र त्या चित्रांत क्वचितच येते.

शेवटी प्रश्न उरतो तो कायद्यापुढे चित्राची किंमत किती हा. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यावर पंचगंगेतील मेलेल्या माशांचा खच अनेकदा छायाचित्रांत आला आहे. असे चित्र परिणाम दाखवते, कारण दाखवत नाही. मेलेला मासा बहुधा आधी बुडतो, अंगात वायू धरला की वर येतो, आणि तोवर प्राणवायू संपवणारी मळी किंवा सांडपाणी पुढे वाहून गेलेले असते. ज्या जागी मासे दिसतात ती जागा गुन्ह्याची असेलच असे नाही. म्हणून १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत काटेकोर आहे: सांडपाणी सोडणाऱ्याला सूचना, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही मोहोरबंद, त्यावर सह्या. उपग्रहाची मदत होते, पण बेताची. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी दहा मीटरांपर्यंतचा तपशील टिपते. रात्री आणि पावसाळी ढगांतून तिला दिसत नाही, आणि चोरून पाणी सोडायला रात्र आणि पहिला पाऊसच सोयीचा असतो.

तरीही चित्रावाचून बहुतेक प्रकरणे उभीच राहत नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे, बातमीची स्वतःहून दखल घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतील कचऱ्याविषयीच्या प्रकरणात मान्य केले. छायाचित्र पुरावा म्हणून दाखल करायचे तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात उपकरणाच्या तपशिलासह फाइलची ‘हॅश’ संख्या द्यावी लागते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि स्थान गळून जाते आणि फाइल नव्याने दाबली जात असल्याने ही संख्याही बदलते. नदीकाठच्या ज्या कार्यकर्त्यांना पुढे तक्रार करायची असते त्यांनी म्हणून मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी, चौकटीत पूल, घाट किंवा बंधाऱ्याचा क्रमांक यांसारखी ओळखता येणारी खूण घ्यावी, आणि त्याच तासात पाण्याची बाटली भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.